जुनं पान डावीकडे, नवीन उजवीकडे

माशांच्या टँकच्या काचेवर शेवाळ येतं ना, तसे हे किस्से आहेत. या रविवारी घासून काढा, पुढच्या रविवारी पुन्हा आलेच! बायकोला सांगून झाले, शेजाऱ्यांना सांगून झाले, शिलाई मशीन दुरुस्तीला घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही सांगून झाले. आता संपले म्हणेपर्यंत आणखी दोन जमलेले असतात. परवा सुनीता म्हणाली, "एकदाचे लिहून काढा आणि माझे कान मोकळे करा!" म्हणून लिहायला बसलो.

उल्हासनगर कॅम्प चारमध्ये किशनभाईंचं माशांचं दुकान आहे. पुढे काउंटर, मागच्या खोलीत एक टेबल. दर रविवारी सकाळी त्या टेबलाभोवती आम्ही पाच जण बसतो आणि पानं बघतो. पाण्यातल्या झाडांची पानं. लोक रविवारी क्रिकेट खेळतात, मटण आणतात, झोपा काढतात. आम्ही पिवळी पडलेली, भोकं पडलेली, वाकडी झालेली पानं घेऊन बसतो आणि झाडाला नेमकं काय कमी पडतंय ते ओळखतो. म्हणजे, ओळखतात गावंड सर. आम्ही माना डोलावतो.

गावंड सरांनी कुठल्याही शाळेत शिकवलेलं नाही. अंबरनाथच्या एका केमिकल फॅक्टरीच्या लॅबमधून ते रिटायर झाले, पश्चिमेला स्टेशनजवळ राहतात. तिथे लॅबमध्ये त्यांना सगळे सर म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हणतो. टेबलाच्या टोकाला खिडकीजवळ त्यांची खुर्ची. गेल्या वर्षी ती खुर्ची कायमची रिकामी व्हायची वेळ आली होती. ती गोष्ट मी शेवटी सांगणार आहे. आधी सर कसे आहेत ते कळू दे, नाहीतर आम्ही जे केलं तो तुम्हाला वेडेपणा वाटेल. म्हणजे वेडेपणाच होता तो. पण तरी.

*

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मोबाईलमध्ये टँकचे सतरा फोटो होते आणि पिशवीत औषधाच्या तीन बाटल्या.

"सर, झाड पिवळं पडलंय."

सरांनी मोबाईलकडे बघितलंही नाही. "जुनं की नवीन?"

"नवीनच आहे सर. गेल्या महिन्यात घेतलं."

किशनभाई काउंटरवरून फिस्सकन हसले. सर म्हणाले, "झाड नाही रे. पान! खालचं जुनं पान पिवळं पडलंय, की शेंड्याचं नवीन?"

आता हे कोण बघतं? पिवळं म्हणजे पिवळं! मग सरांनी मला समजावलं. "घरात जेवण कमी पडलं की आई काय करते? आपल्या ताटातलं काढून पोराला वाढते. झाडही तेच करतं. नायट्रोजन कमी पडला, पोटॅश कमी पडलं, की जुन्या पानातलं काढून नव्याला देतं. म्हणून जुनं पान खराब होतं. लोहाचं तसं नाही. ते एकदा जिथे बसलं तिथून हलत नाही. म्हणून लोह कमी पडलं की जुनं पान मजेत असतं आणि नवीन फिकट निघतं."

"म्हणजे लोह आमच्या सोसायटीच्या चेअरमनसारखं," मी म्हणालो. "बसलं की उठत नाही."

सर हसले आणि मला बसायला स्टूल मिळालं. मग त्यांची नजर माझ्या पिशवीवर गेली.

"या तिन्ही बाटल्या घातल्यास?"

"हो सर."

"एकाच दिवशी?"

"हो सर!" मी छाती काढून सांगितलं.

"मग झाड सुधारलं तर कोणामुळे सुधारलं म्हणशील? आणि मेलं तर कोणाला पकडशील?"

बैठकीचा नियम मला तेव्हा कळला. एका वेळी एकच बदल, आणि मग चौदा दिवस हात लावायचा नाही. दोन बदल एकदम केले की दंड, सगळ्यांना कोपऱ्यावरच्या गाडीवरून दाल-पकवान! पहिल्याच दिवशी दंड भरलेला बैठकीतला मी एकटाच. तो विक्रम अजून माझ्याच नावावर आहे.

*

आमची पद्धत एकदम ठरलेली. प्रत्येकाने घरून स्टीलच्या छोट्या डब्यात पाणी घालून दोन पानं आणायची. एक जुनं, एक नवीन. टेबलावर सरांचं पांढरं इनॅमलचं ताट असतं, कडेला निळी रेघ आणि एका कोपऱ्यात टवका उडालेला. त्यात जुनं पान डावीकडे ठेवायचं, नवीन उजवीकडे. आणि सर बोलेपर्यंत मालकाने गप्प बसायचं. "पेशंटच्या नातेवाइकांनी मध्ये बोलायचं नाही," असं सर म्हणतात.

याचा सगळ्यात जास्त त्रास कोणाला झाला असेल तर किशनभाईंच्या गल्ल्याला! एकदा एक जण गाडी रस्त्यात तिरकी लावून घाईघाईत दुकानात शिरला. चार फुटी टँक, सगळी झाडं खराब.

"भाई, सबसे महँगीवाली दवा दे दो."

किशनभाई शांतपणे म्हणाले, "साईं, पहले पत्ता दिखाओ."

त्याने घराचा पत्ता सांगायला सुरुवात केली. "अरे घर का नहीं, झाड का पत्ता!" किशनभाईंनी त्याच्या हातात रिकामा डबा दिला. "पुराना एक, नया एक. संडे को आना."

"मी दुकानात आलोय की लॅबमध्ये?" तो तणतणत गेला. मी म्हणालो, "किशनभाई, हातचं गिऱ्हाईक घालवलंत की हो!"

"बाटली विकली तर एकदा येणार," किशनभाई त्यांच्या खास मराठीत म्हणाले, "पान बघितलं तर दर संडेला येणार."

तो आला बरं का. डबा घेऊन आला. आणि जाताना दाल-पकवान खाऊन गेला, कारण त्या दिवशी दंड माझाच होता.

*

मनीषाताई बदलापूरहून येतात. तिथे पूर्वेला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायचं काम करतात. हात इतका हलका की सुई कधी टोचली ते कळत नाही. पण टँकच्या बाबतीत बाई भडक डोक्याच्या!

एका रविवारी त्या आल्या त्याच मुळी रागाने. पानांना भोकंच भोकं! "गोगलगायी!" त्या म्हणाल्या. "सगळ्या उचलून बादलीत टाकल्यात. आज नाल्यात सोडणार आहे."

नातेवाइकांनी बोलायचं नसतं, त्यामुळे सरांनी नुसती भुवई उचलली. मग जुनं पान उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. बराच वेळ बघितलं.

"भोकाची कड बघा. कड पिवळी आहे, आणि शेजारी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके आहेत, ज्यांची उद्या भोकं होणार आहेत. गोगलगाय खाताना आधी ठिपके काढून ठेवते का?"

"नाही सर."

"नवीन पानाला एक तरी भोक आहे का? कोवळं पान सोडून गोगलगाय जून पान खाईल?"

"नाही सर."

"मग पोटॅश कमी पडलंय. गोगलगायी निर्दोष आहेत. सोडून द्या त्यांना!"

मनीषाताई तशाच उठल्या आणि घरी गेल्या. नंतर त्यांच्या सासऱ्यांनी मला फोनवर सांगितलं, "अहो, आमची सूनबाई बादलीतली एक एक गोगलगाय उचलून टँकमध्ये सोडत होती आणि प्रत्येकीला सॉरी म्हणत होती!"

*

बारवी धरणाच्या वाटेवरच्या एका पाड्यातला बाळाराम आमच्यात कसा आला, तर तो किशनभाईंकडे भाचीसाठी दोन गोल्डफिश घ्यायला आला होता आणि मागच्या खोलीतलं बोलणं ऐकत उभा राहिला. भातशेती करतो. त्या दिवशी टेबलावर खुद्द सरांचा पेशंट होता. सरांनी क्रिप्ट नावाचं झाड एका टँकमधून दुसऱ्यात हलवलं होतं आणि चार दिवसांत त्याची सगळी पानं विरघळल्यासारखी झाली होती. जुनीही आणि नवीनही! सरांचा नियमच तिथे लागू पडेना.

आम्ही सुटलोच. मी म्हणालो लोह. मनीषाताई म्हणाल्या कॅल्शियम. किशनभाई म्हणाले पाणीच खराब. सर नुसते कपाळ चोळत होते.

दारातून बाळाराम म्हणाला, "उपटून दुसरीकडं लावलंय ना?"

सगळ्यांनी वळून बघितलं.

"भाताचं आवण लावतो तवा रोप असंच कोमतं. पयले आठ-धा दिस मेल्यागतच दिसतं. त्याला काय बी घालायचं नाय, हात बी लावायचा नाय. मुळं धरली का आपसूक उठतं."

मला वाटलं, सर आता काहीतरी केमिस्ट्रीतलं बोलून याला गार करणार. सर उठले. स्वतःची खुर्ची ओढली आणि म्हणाले, "बसा." आणि स्वतः उभे राहिले!

तीन आठवड्यांनी क्रिप्ट उठलं. तसंच, काही न घालता. सर म्हणाले, "इतकी वर्षं लॅबमध्ये काढली, पण नुसतं थांबायला मला कोणी शिकवलं नव्हतं." तेव्हापासून बाळारामला आम्ही बाळारामदादा म्हणतो, वयाने तो माझ्यापेक्षा लहान असला तरी.

आपली चूक दाखवणाऱ्याला खुर्ची देणारा हा माणूस. हे लक्षात ठेवा, कारण पुढे आम्हाला त्याचाच विसर पडला.

*

एक रविवार असा आला की सगळ्यांच्या सगळ्या पानांवर जांभळट झाक! मनीषाताईंची, बाळारामदादांची, माझी, किशनभाईंची. हाहाकार! किशनभाईंनी तर होलसेलवाल्याला फोन लावला की झाडांत साथ आलीय म्हणून. मी मनातल्या मनात टँक विकायला काढला होता.

सर पानांकडे बघतच नव्हते. ते म्हणाले, "उल्हासनगरचं पाणी वेगळं, बदलापूरचं वेगळं, बाळारामांकडे तर विहिरीचं. माती वेगळी, खत वेगळं. आणि सगळ्यांना एकच रोग? मग रोग टँकमध्ये नाही."

"मग कुठे आहे सर?"

सर स्टुलावर चढले. किशनभाईंनी आदल्या दिवशी टेबलावर नवीन एलईडी लावला होता, मासे लाल दिसावेत म्हणून विकतात तो, गुलाबी उजेडाचा. सरांनी तो बंद केला आणि खिडकी उघडली. पानं हिरवीगार!

"सगळ्यांना एकच रोग दिसला," सर स्टुलावरून उतरताना म्हणाले, "की आधी बघायचं, आपण बघतोय कशातून."

दंड किशनभाईंना. तिकडे होलसेलवाला अजून विचारतो, "साथ गेली का?"

*

सरांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी दार उघडलं ते गॉगल घालून. लॅबमधला, प्लास्टिकचा, कानापर्यंत बंद असलेला मोठा गॉगल. मला वाटलं, घरात काही प्रयोग चाललाय.

"बोंबील तळतोय," सर म्हणाले.

कांदा चिरताना गॉगल. फोडणी देताना गॉगल. दिवाळीत गॅलरीत उभं राहून लोकांचे फटाके बघताना गॉगल! मी हसलो, तर ते गंभीर झाले. फॅक्टरीत त्यांच्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या माणसाच्या डोळ्यात एकदा काहीतरी उडालं होतं. "माझ्यासमोर," सर म्हणाले. "मी त्याला धरून नळाखाली नेलं. तेव्हापासून मी डोळ्याजवळ काही येऊ देत नाही. डोळ्यांना स्पेअर मिळत नाही, दिनेश."

घरात ते एकटेच. वहिनी जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी सोलापूरला. टँक एकच, पण असा की बघत बसावं. कपाटाच्या दाराला कॅलेंडर, त्यातल्या प्रत्येक रविवारावर पेनने गोल केलेला. बाकी महिना कोरा. मी तिकडे बघतोय हे बघून सर म्हणाले, "बाकीचे सहा दिवस मी त्या दिवसाची वाट बघतो." एवढं सरळ बोललेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मी बोंबील खात राहिलो.

*

आणि मग गेलं वर्ष.

माझा टँक तेव्हा ऐन भरात होता. मी मुद्दाम, जरा मिरवायला म्हणूनच, दोन ठणठणीत हिरवी पानं डब्यातून नेली. सरांनी ती ताटात ठेवली, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "नायट्रोजन. जुनं पान पिवळं पडायला लागलंय."

सर म्हणतात म्हणजे असेल! घरी जाऊन नायट्रोजनचा डोस दिला. चौदा दिवसांत टँकमध्ये शेवाळाचं असं गोधडं झालं की मासे दिसेनात. सुनीता म्हणाली, "मला ताप आला तर एक गोळी देता. झाड धडधाकट आहे तर त्याला औषध कशाला?"

पुढच्या रविवारी मनीषाताईंचं पान. "नायट्रोजन." मग किशनभाईंचं. "नायट्रोजन." किशनभाईंचं पान तर इतकं हिरवं होतं की त्याची भाजी करावी! आम्ही एकमेकांकडे बघितलं. तेवढ्यात सर म्हणाले, "किशन, ताट कधी बदललंस? पिवळट कशाला आणलंस?"

ताट तेच होतं. निळी रेघ तीच, टवकाही तोच.

सर गेल्यावर मनीषाताई हळूच म्हणाल्या, "मोतीबिंदू आहे. मी जवळून बघितलं, बुबुळावर साय धरल्यासारखं झालंय. त्यांना सगळं पिवळं दिसतंय. साधं ऑपरेशन आहे हो!"

पुढच्या रविवारी त्यांनीच धीर केला. "सर, एकदा डोळे दाखवून या ना."

"डोळ्याला कोणी हात लावायचा नाही!" सर एवढ्या जोरात बोलले की बाहेरचं गिऱ्हाईक दचकलं. मग आवाज खाली आला. "आणि दाखवले, आणि ते म्हणाले आता काही उपयोग नाही, तर? मग मी रविवारी इथे येऊन काय करू? नुसतं पकवान खाऊ?"

यानंतर कोणाची बोलायची छाती होणार? सांगितलं असतं तर त्यांनी खुर्ची सोडली असती, आणि रविवारही. आम्ही चौघं दुकानाबाहेर उभे राहिलो. बाळारामदादा जमिनीकडे बघत होता. शेवटी किशनभाई म्हणाले, "सर गलत नहीं हो सकते. पत्ता गलत होना चाहिए."

"म्हणजे?"

"सर बोलतात पिवळं. तर पिवळं आणायचं."

आणि तुम्हाला सांगतो, चार शहाणीसुरती माणसं, एक जण तर लॅबमध्ये काम करणारी, या गोष्टीला हो म्हणाली!

*

आम्ही आमचे टँक उपाशी ठेवले. खत बंद. मासे उचलून किशनभाईंच्या दुकानातल्या मोठ्या टँकमध्ये, कारण माशांच्या घाणीतूनही झाडाला नायट्रोजन मिळतो. महिन्याभरात माझा टँक वाळलेल्या मेथीसारखा झाला. सुनीता म्हणाली, "टँकला उपास धरायला लावलाय का?" मनीषाताईंचे सासरे रोज सकाळी टँकपुढे उभे राहून हळहळायचे. मला स्वतःला टँककडे बघवत नव्हतं. रात्री झोपायला जाताना त्याच्यावर फडकं टाकायला लागलो होतो.

पण रविवारी! सर पान बघायचे, म्हणायचे, "नायट्रोजन," आणि आम्ही चौघं एका सुरात, "बरोबर सर!" सरांचा चेहरा असा खुलायचा की सगळे कष्ट फिटले असं वाटायचं.

एकच भानगड होती. सर रोगाबरोबर उपायही सांगायचे. आता उपाय केला तर पान हिरवं होणार, आणि हिरवं पान सरांना पिवळं दिसणार! म्हणून उपाय करायचा नाही.

"डोस दिलास?" सर विचारायचे.

"दिला सर," मी धडधडीत खोटं बोलायचो. बाळारामदादा म्हणायचा, "खोटं बोलायला माज्यानं व्हत नाय. मी नुसती मान हलवतो."

चौदा दिवस झाले. पानं पिवळी. सरांनी डोस वाढवला. आणखी चौदा दिवस. पानं पिवळी. सरांनी खताची कंपनी बदलायला लावली. पुन्हा चौदा दिवस.

त्या रविवारी सरांनी चारही डबे ओळीने लावून घेतले. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे बघत राहिले. मग स्वतःशीच म्हणाले, "पाणी वेगळं. खत वेगळं. तीनदा उपाय केला. आणि सगळ्यांना एकच रोग."

सरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला. आता ते पानांकडे नाही, ताटाकडे बघत होते. मग डोकं वर करून बल्बकडे बघितलं. साधा पांढरा बल्ब. मग उठले, पिशवी घेतली आणि चहा न घेता गेले.

संध्याकाळी ग्रुपवर मेसेज आला. "सोलापूरला मुलीकडे जातोय. केव्हा येईन सांगता येत नाही."

*

एक रविवार गेला, दुसरा गेला, पाच गेले. सर फोनवर "बरा आहे" एवढंच म्हणायचे. किशनभाई त्या खुर्चीवर कोणाला बसू देईनात. तिच्यावर त्यांनी माशांच्या खाद्याचं खोकं ठेवलं होतं, आणि ते खोकं दर रविवारी सकाळी पुसायचे.

"आपणच घालवलं त्यांना," मनीषाताई म्हणाल्या आणि रडल्या. मला त्यांची समजूत घालता येईना, कारण मलाही तेच वाटत होतं. ज्या माणसाने चूक दाखवणाऱ्याला स्वतःची खुर्ची दिली, त्याला आम्ही एक साधी गोष्ट तोंडावर सांगू शकलो नाही.

"आता तरी खत घालू या का टँकला?" मी विचारलं.

"बिलकुल नाही," किशनभाई म्हणाले. "सर कधी पण येतील. आल्या आल्या पहिलाच पत्ता गलत निघाला तर?"

म्हणून आम्ही दर रविवारी पिवळी पानं घेऊन जात राहिलो. रिकाम्या खुर्चीसमोर ताट मांडायचो, जुनं डावीकडे, नवीन उजवीकडे, आणि चहा पिऊन घरी यायचो.

सहाव्या रविवारी दारात कोणीतरी उभं राहिलं. काळा गॉगल, हातात पिशवी.

"खोकं उचला," सर म्हणाले.

किशनभाईंनी खोकं असं उचललं की अर्धं खाद्य जमिनीवर! सर खुर्चीवर बसले. "दोन्ही डोळे करून आलो. मोतीबिंदू होता. डॉक्टरला म्हटलं, आधी तू गॉगल घाल, मग माझ्या डोळ्याला हात लाव."

आम्ही हसलोही नाही, इतके थक्क झालो होतो.

"चुकत माझंच होतं," सर म्हणाले. "तीन वेळा उपाय करून सगळ्यांना एकच रोग दिसतो, म्हणजे रोग टँकमध्ये नाही. मग कशात आहे, ते कळायला तेवढं पुरलं. तुमची हिरवीगार पानं मी पिवळी म्हणत बसलो, आणि तुम्ही गाढवं, 'बरोबर सर, बरोबर सर'! एकानेही सांगू नये?" त्यांनी पिशवी टेबलाखाली सरकवली. "भीती वाटत होती रे मला. पण या टेबलाशिवाय मला जमणार नाही, म्हणून गेलो."

मनीषाताईंनी डोळ्यांना रुमाल लावला. बाळारामदादा उगाच छताकडे बघत होता.

"बरं, आता मला तुमची पानं बघू दे. नीट, हिरवी."

आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं! मनीषाताईंनी ओढणी ताटावर टाकायला हात पुढे केला, मी डब्याचं झाकण शोधायला लागलो. पण सरांनी ताट आधीच स्वतःकडे ओढलं होतं. गॉगल काढला. आधी ताटाकडे बघितलं. "पांढरं आहे की रे," म्हणाले, आणि कडेच्या निळ्या रेघेवरून बोट फिरवलं.

मग त्यांनी डावीकडचं पान उचललं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. खाली ठेवलं. मनीषाताईंच्या डब्यातलं उचललं. मग बाळारामदादाचं. मग किशनभाईंचं.

"अरे," सर म्हणाले, "हे तर खरंच पिवळं आहे!"

किशनभाई उठले आणि कोपऱ्यावरच्या गाडीवर दाल-पकवान सांगायला गेले.